डुकराची तार, वाघाचा पाय

वनखात्यात एकतीस वर्षं गेली. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्यातली बहुतेक वर्षं ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही याच पट्ट्यात निघाली. आता घरच्या चार एकरांत धान लावतो. पूर्वी लोकांच्या बांधीतल्या नुकसानीचे पंचनामे करायचो, आता माझ्याच बांधीत डुकरं येतात. गावातले लोक ओसरीवर येऊन बसतात आणि चहा संपायच्या आत ठरलेला प्रश्न विचारतात, "साहेब, डुक्कर माराले परवानगी भेटते का जी?" भेटते, पण तेवढ्याने भागत नाही. का ते सांगायला ओसरीवरचा वेळ पुरत नाही, म्हणून जे हाती लागलं ते लिहून काढलं आहे.

१. आधी बांधीत उतरा, मग डुकराचं नाव घ्या

नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. एका शेतकऱ्याने सांगितलं तसं मी पंचनाम्यात 'रानडुक्कर' लिहून मोकळा झालो. आमचे जुने वनपाल कागद वाचून काही बोलले नाहीत. सायकलवर बसवून मला परत त्याच बांधीत घेऊन गेले, चिखलात उकिडवे बसले आणि म्हणाले, "खूर मोज." डुकराच्या खुरामागे दोन बारीक ठिपके उठतात, मागच्या नख्यांचे, तेही जरा बाहेरच्या अंगाला. तिथे एकही ठिपका नव्हता. धानाचे शेंडे वरच्यावर खुडलेले होते, रोप उभंच होतं. ते चितळाचं काम होतं.

डुक्कर असं सभ्यपणे खात नाही. धानाच्या लोंबात दूध भरलं की कळप शिरतो. खातो थोडं, लोळतो जास्त. सकाळी बघावं तर रेडा लोळून गेल्यासारखे गोल गोल खळगे, रोपं चिखलात दाबलेली, धुरा उकरून फोडलेला आणि बांधीतलं पाणी खालच्या शेजाऱ्याकडे निघून गेलेलं. पाण्याचं नुकसान पंचनाम्यात कधीच येत नाही. शेजारी मात्र येतो, आणि भांडतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी? परवाना ज्या जनावराचा, तेच मारता येतं म्हणून. माझ्या त्या पंचनाम्यावर परवाना निघाला असता तर डुकरासाठी बसलेल्या बंदुकीपुढे रात्री चितळ येऊन उभं राहिलं असतं. अशा वेळी अंधारात कोण खूर मोजत बसतो?

२. कायद्याला एक खिडकी आहे, ती कोणासाठी किती उघडते ते बघा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं नववं कलम शिकार बंद करतं. गावात कायदा इथेच संपतो असं समजतात. पुढे अकरावं कलम आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी, म्हणजे वाघ, बिबट, अस्वल, माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायचा आदेश देऊ शकतात. तोही पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं यातलं काहीच शक्य नाही अशी त्यांची खात्री पटल्यावर, कारणं लिहून. रानडुकराचं तसं नाही. त्याच्या बाबतीत माणसाचा जीवच धोक्यात असायला लागतो असं नाही, मालमत्तेला धोका असला तरी चालतं, आणि कायद्याने त्या मालमत्तेत उभं पीक स्पष्ट शब्दांत घातलं आहे. डुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं. १ एप्रिल २०२३ पासून नव्या मांडणीत ते दुसऱ्या अनुसूचीत आलं. खिडकी तीच राहिली.

महाराष्ट्राने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या पारधीची परवानगी सोपी करणारा निर्णय काढला. त्या वर्षी ऑफिसात अर्जांचा ढीग येईल म्हणून मी नवीन रजिस्टर आखून ठेवलं होतं. त्याची निम्मी पानं कोरी राहिली. कारण पुढच्या मुद्द्यात.

बाकी राज्यांनी वेगळे रस्ते धरले. केंद्राकडून काही काळापुरतं जनावर 'उपद्रवी' घोषित करून घ्यायचं, हा एक. बिहारमध्ये तसं केल्यावर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात रोह्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे एकमेकांशी भांडले. केरळलाही डुकरासाठी तशीच घोषणा हवी होती. केंद्राने नाही म्हटल्यावर त्यांनी २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला. मला हा रस्ता जास्त पटतो. पण आमच्याकडच्या सरपंचांची दर वर्षीची भांडणं बघितली की वाटतं, डुकराच्या परवान्यावरून आणखी एक निवडणूक होईल.

३. परवाना खिशात, बंदूक पोलीस ठाण्यात

मारायला माणूस लागतो आणि माणसाला बंदूक. आमच्या तीन-चार गावांत मिळून पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या मोजून दोन भरमार बंदुका. दोन्ही वारशाने आलेल्या. एकीचा मालक सत्तरीपुढचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. दुसऱ्याचा मुलगा पुण्याला कंपनीत, बंदूक घरी खुंटीला.

एका ऑक्टोबरात एका विधवा बाईंच्या बांधीसाठी परवाना झाला. हलक्या धानाची कापणी तोंडावर आलेली. त्याच आठवड्यात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा निरोप आला. मतदान, निकाल, मग बंदूक परत मिळायचा अर्ज. बंदूक घरी आली तेव्हा त्या बाईंच्या बांधीत फक्त धसकटं उरली होती. त्या माझ्याकडे आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, डुकराले आचारसंहिता नाही का?"

४. सुळेवाला मारला की फोटो येतो, डुकरं तेवढीच राहतात

गावाला मोठा नर दिसतो. एकांडा असतो, अंगावर येतो, त्याच्या सुळ्यांनी मांडी फाटलेली माणसं मी स्वतः दवाखान्यात नेली आहेत. म्हणून बंदूक हाती आली की त्याच्यावरच रोखली जाते. पण पीक नासवणारा कळप माद्यांचा आणि पिल्लांचा असतो. मादी पावणेचार महिन्यांत विते, चार-सहा पिल्लं सहज, पोट भरलेलं असेल तर जास्तही. आणि पोट आपणच भरतो. धान, मग तूर, मग हरभरा, बाराही महिने पंगत. एक नर गेला तर त्याच्या जागी दुसरा यायला चार दिवस लागत नाहीत. एका गावात असा दांडगा नर पडला तेव्हा पोरांनी फटाके वाजवले होते. पंधरा दिवसांनी त्याच शेतकऱ्याचा त्याच गट नंबरचा अर्ज माझ्या टेबलावर आला.

माझा पुतण्या टेक्सासमध्ये असतो. तिथे खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही, आणि २०१७ पासून गरम हवेच्या फुग्यातून गोळी झाडायलाही मुभा आहे, असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा गंमत करतो आहे असंच मला वाटलं. खरं निघालं. तरी तिथली डुकरं काही संपली नाहीत. मला जास्त शहाणी वाटली ती अमेरिकेतल्याच मिसुरी राज्याची गोष्ट. तिथल्या संवर्धन खात्याने २०१६ मध्ये आपल्या ताब्यातल्या जमिनींवर हौशी लोकांना डुकराची शिकार उलट बंद केली. बंदूकवाले एक-दोन मारायचे, बाकीचा कळप उधळून दहा दिशांना जायचा, आणि सापळे लावून अख्खा कळप एकदम धरणाऱ्यांची मेहनत वाया जायची. शिवाय शिकारीला डुक्कर हवं म्हणून नव्या जागी डुकरं नेऊन सोडणारेही होते.

पण तिकडचा नियम उचलून इकडे लावता येणार नाही. त्यांचं डुक्कर परकं आहे, युरोपातून आलेल्या लोकांनी जहाजांतून आणलेलं. आमचं इथलंच आहे आणि वाघाच्या ताटातलं आहे. आमच्या भागात वाघाच्या विष्ठेत डुकराचे राठ केस मी किती वेळा बघितले त्याची गणती नाही. सगळी डुकरं संपवा म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, मग वाघाने काय खावं, तुझी गाय?

५. झटका वेगळा, करंट वेगळा

हे मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

झटका मशीन म्हणजे बॅटरीवर, बहुधा सौर पाटीवर चालणारी पेटी. ती तारेत क्षणभराचे ठोके सोडते. डुक्कर नाकाने तार हुंगतं, किंचाळतं आणि पळतं. मरत नाही. करंट म्हणजे खांबावरच्या लाइनवर आकडा टाकून सरळ बांधीभोवती फिरवलेली तार. त्यात जे येईल ते मरतं.

अशी तार दिवसा दिसत नाही. संध्याकाळी बांबूच्या खुंट्या ठोकतात, गुडघ्याच्या खाली बाइंडिंग तार ओढतात, पहाटे गुंडाळून गवताच्या गंजीत लपवतात. आम्ही महावितरणच्या लाइनमनला बरोबर घेऊन रात्री फिरायचो. त्याचं गणित सोपं होतं. वारा नाही, पाऊस नाही आणि तरी रात्री दोन वाजता डीपी उडाली, तर त्या डीपीखालच्या कुठल्या तरी शेतात कोणीतरी पडलं आहे. "डुक्कर असू दे रे देवा," असं तो गाडीत बसताना म्हणायचा. एकदा बैल निघाला. एकदा धुऱ्यावर चप्पल दिसली आणि पुढे टॉर्च न्यायला हात होईना. तार त्या माणसाच्या चुलतभावाचीच होती.

२०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड भागात श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेवर गेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या त्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा, गळ्यात रेडिओ कॉलर. आधी कॉलर सापडली, मग पुरलेला वाघ. ज्याने तार लावली होती त्याला वाघ नकोच होता, त्याला डुक्कर हवं होतं. पण पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्याची शिक्षा किमान तीन वर्षं, सातपर्यंत. डुकरासाठी तार लावणारा माणूस त्या शिक्षेचा विचार करून तार लावत नाही. तो उद्याच्या सकाळचा विचार करतो.

तार जप्त करायला मी अनेक घरांत गेलो. बायका रडायच्या, म्हातारे शिव्या द्यायचे. एका घरी म्हाताऱ्याने तार स्वतः आणून माझ्या पायाशी टाकली आणि म्हणाला, "घेऊन जा जी. पण रातच्याले जागलीले तुमीच या." त्याचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. त्याचा मुलगा आदल्या वर्षी जागलीवर असताना अस्वलाने फाडला होता. तार मी नेली. जागलीला गेलो नाही.

तेव्हापासून मला वाटतं, कायदेशीर परवाना वेळेत न देणारं ऑफिस आणि करंटची तार यांचं नातं कोणीतरी मांडायला हवं. मी ज्या ऑफिसात होतो तिथे एक अर्ज पावसाळाभर पडून राहिला, कारण सातबाऱ्यावर नाव आजोबांचं होतं. त्या शेतकऱ्याच्या गंजीत पुढे आम्हाला तार सापडली. अर्जाचा कागद आणि जप्तीचा कागद, दोन्हींवर माझी सही आहे.

६. वाघाला मारायचं असेल तर आधी तो कोणता ते सांगा

डुकराच्या बाबतीत नेमकं कोणतं डुक्कर याने परवान्याचं फारसं बिघडत नाही. वाघाच्या बाबतीत सगळं तिथेच अडतं.

आमच्याकडे माणसं जातात ती बहुतेक मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत. एप्रिल-मे, पहाटेची वेळ, बाई वाकून किंवा बसून फुलं वेचते आहे, आणि चार पावलांवर करवंदीच्या जाळीत वाघ. असं झालं की दोन तासांत पाचशे माणसं जमतात. मी अशा जमावात उभा राहिलो आहे. शर्ट फाटला, कोणीतरी पाठीवर काठी मारली, आणि खरं सांगायचं तर त्या बाईंचा नवरा जमिनीवर बसलेला दिसत असताना काठीचं काही वाटलं नाही. त्या वेळी "वाघ मारा" यापलीकडे कोणी काही ऐकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूला जो वाघ दिसेल तोच नरभक्षक ठरतो. पण कॅमेऱ्यात पट्टे जुळवायचे, पावलांचे ठसे घ्यायचे, जखमेवरची लाळ तपासायला पाठवायची, याला दिवस लागतात. तेवढे दिवस गावाने कसे काढायचे, हे कुठल्याच कार्यपद्धतीत नीट लिहिलेलं नाही.

पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीचं, जिला सगळे अवनी म्हणतात, प्रकरण आमच्या पलीकडच्या जिल्ह्यातलं. तेरा माणसांचा मृत्यू तिच्या नावावर लागला होता. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला मारायच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग ड्रोन आले, कुत्री आली, परदेशी अत्तराचे फवारे मारले गेले. आमच्या ताडोबाहून नेलेला हत्ती छावणीतून सुटला आणि त्यानेच एक बाई मारली. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण गोळीने पडली. आधी बेशुद्ध करायचा खरा प्रयत्न झाला की नाही यावर गदारोळ उठला, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचा ठपका ठेवला.

मुंबईतल्या लोकांनी मेणबत्त्या लावल्या, राळेगावच्या गावांत पेढे वाटले गेले. मला दोन्हींकडे जावंसं वाटलं नाही. वाघ मारायची वेळ कधीच येत नाही असं मी म्हणणार नाही, येते. पण तेव्हा कोण गोळी झाडणार, पशुवैद्यक कुठे उभा राहणार, कुठल्या क्षणी बेशुद्धीचा नाद सोडायचा, हे आधी ठरलेलं आणि नंतर दाखवता येण्यासारखं असलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वाघाच्या वेळी खात्यावर गावही विश्वास ठेवत नाही आणि न्यायालयही.

मृताच्या घरी आता पंचवीस लाख मिळतात. मी लागलो तेव्हाच्या रकमेची आठवण काढायलाही लाज वाटते. पैसे मिळायला हवेतच. मात्र त्या बाईंच्या नवऱ्याने चेक घेताना माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

७. बिबट हलवला की भांडण हलतं

जुन्नरला मी एका प्रशिक्षणासाठी आठवडाभर होतो, म्हणून थोडक्यात. तिकडे जंगल कमी, ऊस जास्त, आणि बिबट्याची मादी उसातच विते. या शतकाच्या सुरुवातीला तिथे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायचा धडाका लावला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवलं की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अकोले तालुक्यात त्यांनी कॅमेरे लावले तर शेतांत-वस्त्यांत शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच बिबटे निघाले, आणि लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. पिंजरा आला की गावाला बरं वाटतं, पुढाऱ्यालाही. पिंजऱ्यात आलेला बिबट्या दोषी होता का, हे फारसं कोणी विचारत नाही.

८. मटणाचं काय?

यावर उघड कोणी बोलत नाही. अकराव्या कलमाखाली मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. ते पंचांसमोर जाळायचं किंवा पुरायचं. एकदा सत्तर-ऐंशी किलोचं डुक्कर आम्ही खड्ड्यात टाकत होतो तेव्हा काठावर अख्खं गाव गप्प उभं होतं. इतकी शांतता मी मयतीतही पाहिली नाही. एका आजोबांना राहवलं नाही. "पुरता तर पुरा जी, पण निदान मीठ तरी नका टाकू," असं ते म्हणाले आणि सगळे हसले.

मटण वाटू द्या म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नाही. तरी मी विरोधात आहे. मटण मिळायला लागलं की नुकसानीचे अर्ज वाढतात, आणि ज्याच्या शेतात एक काडी पडली नाही त्याचाही येतो.

९. गेल्या महिन्यातलं

आम्ही सहा शेतकऱ्यांनी मिळून झटका मशीन बसवलं. एकट्याने बसवलं की डुकरं शेजाऱ्याकडे जातात, म्हणून सहा जणांच्या बांध्यांना एकच वेढा. तारेखालचं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर ते तारेला टेकतं आणि ठोका मरतो. हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून पाळी लावली. वेढ्याबाहेर एका बाजूला नाला आहे, तिथून कळप अजून येतो. त्या बाजूचा शेतकरी परवान्याचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला.

मी आधी बांधीत चल म्हटलं. सकाळी सात वाजता नाल्याच्या ओल्या वाळूत उतरलो. खुरामागचे दोन ठिपके स्वच्छ होते, मोठ्या मादीचे, बरोबर पिल्लांचे लहान खूर. आणि त्यांच्यावरून, त्याच वाटेने, वाघाचं पाऊल. काठ अजून ढासळले नव्हते, रात्रीचंच होतं. आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. मग तो म्हणाला, "भाऊ, अर्जात वाघाचं नका लिहू. लिहिलं तर परवाना नाही भेटत."

त्याचं खरं असेल. अर्ज मी लिहिला. नुकसानीचं क्षेत्र, गट नंबर, पिकाचं नाव, डुकरांचा अंदाज. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात वाघाचं पाऊल, दिशा आणि तारीख लिहिली, आणि रात्री या नाल्यावर बंदूक घेऊन बसणाऱ्याला हे आधी कळवावं, एवढं जोडलं. त्याने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी सही करून आणला.